नर्सबाईंचा डबा

पोलादपुरात कोणाच्याही दारात गेलं तर 'या, बसा' ऐकू येई. नर्सबाईंच्या दारात गेलं की ऐकू येई, "आधी हात." दाराबाहेर तिवईवर घंगाळ, त्यात कोमट पाणी, शेजारी कार्बोलिक साबणाची वडी आणि खुंटीला पंचा. हात धुतल्याशिवाय पायरीवर पाय ठेवायचा नाही. मग तुम्ही दुखणाईत असा, तलाठी असा, की नुसते रस्ता विचारायला आलेले वाटसरू असा. एकदा खोतांच्या थोरल्या वहिनी ताटलीभर फणसाचे गरे घेऊन गेल्या. बाईंनी आधी वहिनींना हात धुवायला लावले आणि मग उकळलेल्या पाण्यात गरेही धुऊन घेतले. "अहो, गरे धुतले हो तिनं, गरे," असं वहिनी पुढे आषाढीपर्यंत दारोदार सांगत होत्या.

बाई मूळच्या पुण्याकडच्या. लहानपणी लग्न झालं, लहानपणीच संपलं, आणि मग कोणा शहाण्या मामाने त्यांना सुइणपणाच्या शिक्षणाला घातलं, एवढंच आम्हांला ठाऊक. त्यापुढे विचारलं की त्या म्हणत, "माझं काय ऐकायचंय? मी काही बाळंत होणार नाही." उंच, सडपातळ, पांढरं पातळ, पायांत वहाणा, आणि नखं इतकी बारीक कापलेली की पाहणाऱ्याची बोटं दुखावीत. आवाज मात्र मऊ होता. ओरडून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

त्यांचं घर म्हणजे चाकांवरचा डबा. महाडहून पोलादपूरकडे येणारा रस्ता पक्का केला तेव्हा खडी दाबायला वाफेचा रूळ आला होता. त्या रुळामागे, रूळ चालवणाऱ्याला राहायला म्हणून, लाकडी खोली जोडलेली असे. चार लाकडी चाकं, वर पत्रा, दोन खिडक्या, एका कोपऱ्यात चुलीचं धुराडं. रस्ता पुरा झाला, रूळ गेला, आणि ती खोली फिरता दवाखाना म्हणून कामी लावायची असं वरच्या कुठल्याशा कचेरीत ठरलं. जाता जाता रुळानेच ती ओढून गावाबाहेरच्या मोठ्या फणसाखाली आणून सोडली. त्यानंतर तिला ओढणारं काही मिळालं नाही. एकदा चार जोड्या बैल जुंपून पाहिले, तर डबा हातभर हलला आणि बैलांनी माना खाली घातल्या. तेव्हापासून फिरता दवाखाना फणसाखालीच होता. बाई आल्या तेव्हा त्यांना गावात कोणी जागा देईना. विधवा, त्यात परगावची, त्यात भलत्यासलत्या घरांत बाळंतपणं करणारी. बाईंनी एक खाट आणि एक कपाट डब्यात आणलं आणि राहू लागल्या. गाव म्हणे, नर्सबायचा डबा.

हा डबा त्या रोज धूत. जमीन, भिंती, पायऱ्या, सगळं. स्टोव्हवर पाणी खळखळ उकळायचं, त्यात फिनेल घालायचं आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत गुडघ्यांवर बसून घासत यायचं. पाणी फळ्यांच्या फटींतून खाली ठिबकत राही. बादलीत उरलेलं त्या चाकांवर फेकत. वास असा की कुत्री लांबून वळसा घालून जात. आमच्या सासूबाई एकदा म्हणाल्या, "अहो बाई, काल तर धुतलंत. लख्ख तर दिसतंय." बाई घासता घासता म्हणाल्या, "दिसतं ते कोणीही धुतं, काकू. न दिसणारं धुवायला मला ठेवलंय."

याला हसणाऱ्यांत मीही होते. पण थोडेच दिवस. माझं पहिलं मूल महाडला माहेरी झालं. घरच्या विळीने नाळ कापली, वर राख दाबली. सगळ्यांच्याच घरी तसं करत. आठव्या दिवशी बाळाचं तोंड मिटलं ते उघडेना, अंग धनुष्यासारखं ताठलं आणि गेलं. सटवाईचं लिहिणं, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या वेळी मी हट्टाने पोलादपुरात राहिले आणि डब्यात बाळंत झाले. कात्री पातेल्यात उकळताना दाखवून बाई म्हणाल्या, "मास्तरीण, विळी भाजीसाठी." त्यांनी त्यापलीकडे माझ्या पहिल्या बाळाबद्दल एक अक्षर काढलं नाही. तो मुलगा आज नातवंडांचा आजोबा आहे.

आमचे हे शाळेत मास्तर होते, म्हणून मी मास्तरीण. ते दिवस असे की मास्तराने पांढरी टोपी घातली तरी वरून विचारणा होई, आणि विहिरीवर कोणी कोणत्या बाजूने पाणी भरायचं यावरून डोकी फुटत. बाईंच्या डब्यात असलं काही नव्हतं. हात धुतलेला आणि न धुतलेला, अशा दोनच जाती त्या मानत. डोंगरातल्या वाड्यांवरून अडलेल्या बायका डोलीत घालून आणत. बांबूला बांधलेली चादर, आत कण्हणारी बाई, आणि दोन्ही टोकांना घामाने निथळणारे दीर-भाऊ. डोली फणसाखाली उतरली की माणसं जमिनीवरच बसकण मारत. आपण पोचलो, आता नर्सबाय बघेल, असं त्यांच्या तोंडावर दिसे.

एका चैत्रात वरच्या कचेरीतून साहेब आले. गोरे नव्हेत, आपल्यातलेच, कोट-टोपीवाले. त्यांनीही आधी हात धुतले. मग कपाट, कात्र्या, पातेली सगळं पाहून खूश झाले आणि शेवटी म्हणाले, "पण बाई, हा फिरता दवाखाना फिरलाय कधी?"

"ओढायला काही दिलं असतंत तर फिरला असता," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मान डोलावली. माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं, की डबा पावसाआधी महाडला आणून दाखवा. तिथे तो चालता आहे असं दिसलं, तर एक मोटार कायमची मिळेल; मग नाते, बिरवाडी अशा गावांतून फिरत दर पंधरवड्याला पोलादपुरालाही येईल. नाही आणता आला, तर दवाखाना बंद आणि त्याच्याबरोबर बाईंची जागाही. यापलीकडे त्याच्याही हातात काही नव्हतं. महाडच्या एका लॉरीवाल्याने परतीच्या फेरीत डबा ओढून नेण्याचं कबूल केलं, मात्र डबा रस्त्यावर घालण्याजोगा करून ठेवायचं काम आमच्याकडे आलं.

धोंडू सुतार हा त्या कामाचा माणूस. त्याच्या बायकोची दोन बाळंतपणं याच डब्यात झालेली. तो आला, हात धुतले, आणि आधी चाकं बघायला बसला. इतकी वर्षं एका जागी उभं राहिलेलं लाकडी चाक उन्हाने आक्रसतं, आरे खुळखुळतात, आणि वरची लोखंडी धाव निसटून गळून पडते. धोंडूने हातोडी घेऊन एकेका आऱ्यावर मारलं. चारही चाकं दगडासारखी ठणठणली. त्याने मान वर केली.

"बाय, चाकांना काय बी झालं नाय. आमी गाडीची चाकं नदीत भिजत घालतो ना, तसं ह्यांना रोज पानी मिळालंय. धाव कशी घट्ट हाय बघा."

बाई माझ्याकडे वळून इतक्या गोड हसल्या की काय सांगू. "ऐकलंस ना, मास्तरीण? आणि तुम्ही हसत होतात."

मग धोंडू डब्याखाली सरपटत गेला. खाली दोन लांब तुळया असतात, त्यांच्यावर सगळी खोली बसलेली असते आणि पुढच्या टोकाला ओढायची दांडी त्यांनाच जोडलेली असते. बराच वेळ खालून काही ऐकू येईना. मी वाकून पाहिलं. धोंडूने पटाशी तुळईला टेकवली आणि नुसती तळहाताने दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली. ओल्या भाकरीत बोट जावं तशी. त्याने दुसऱ्या जागी दाबली, तिथेही तेच. बाहेर येऊन तो अंगाची माती झटकत उभा राहिला.

"काय आहे?" बाई म्हणाल्या.

"तुळया कुजल्यात, बाय."

"वाळवी?"

"वाळवी कशी येल? तुमच्या त्या फिनेलाच्या वासानं मुंगी पन येत नाय हिकडं." त्याने बोटांवरचा ओला भुगा पुसला. "पान्यानं."

तिघांचीही नजर एकाच वेळी पायरीवरच्या बादलीकडे गेली. फटींतून ठिबकणारं पाणी चाकांना मानवलं होतं. वाऱ्याला असलेली चाकं दिवसभरात सुकत. तुळयांना मात्र वर फळ्या, खाली सावली, ऊन कधी लागलंच नाही. बाईंनी विचारलं, "मग न धुता कसं करायचं होतं, धोंडू?"

"तसं नाय, बाय. धुवायलाच पायजे व्हतं."

"हो ना?"

"व्हय."

दोघंही खरं बोलत होती आणि त्याचा कोणाला काडीइतका उपयोग नव्हता. मी तिथे उभी होते, आणि मला माझा घरात खेळणारा मुलगा आठवला. त्या पाण्याला दोष देण्याची माझी तरी छाती नव्हती.

तुळया बदलायच्या तर आख्खी खोली उचलून बाजूला ठेवायला हवी. ती उचलायला यारीसारखं यंत्र नाही, नव्या लाकडाची मंजुरी नाही, वैशाख अर्धा संपलेला. धोंडूने तोड काढली ती अशी, की कुजक्या तुळयांना लागून दोन्ही अंगांना ऐनाचे वासे घालायचे आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळायचे. वासे कुठून आणायचे, हा विचार करेपर्यंत डोंगरातल्या एका वाडीचे लोक खांद्यावर दोन लांब वासे घेऊन उतरले. नव्या घरासाठी राखून ठेवलेले. "घर काय, फुडच्या साली बांदू. आमची सून हितंच सुटली," म्हातारा म्हणाला. लोहाराने पट्ट्या ठोकून दिल्या. आखात वंगण भरलं. गंजलेला ब्रेक काही केल्या हलेना, तेव्हा चाकामागे घालायला लाकडी उटण्या केल्या आणि त्या घेऊन चालायला दोन माणसं नेमली. एवढं सगळं झालं, तरी पुढच्या बाजूला दांडी जिथे तुळयांत शिरते तो सांधा धोंडूच्या हाताला येईना. तो नुसता त्याच्याकडे बघत बसे. "हितलं माझ्या हाती नाय, बाय. लाकूड सुकलं तर धरंल थोडं. आता पानी नको. थेंब पन नको."

बाईंनी ऐकलं. ज्या बाईने गरे धुतले तिने त्या दिवसापासून डबा धुतला नाही. बादली उपडी घालून पायरीखाली ठेवली. सकाळच्या त्या वेळेला त्या खाटेवर बसून राहत आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळत नसे. कोरड्या फडक्याने त्या कपाट पुसत, मग तेच पुन्हा पुसत. मी म्हटलं, "बाई, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे." त्या म्हणाल्या, "मला वास येतो गं." डब्याला कसलाही वास येत नव्हता.

त्याच दिवसांत एक डोली उतरली. बाईंनी डब्यात घ्यायला साफ नकार दिला. "न धुतलेल्या जागेत मी बाळंतपण करणार नाही," म्हणाल्या आणि डोली सरळ आमच्या पडवीत आणवली. सासूबाई दारात आडव्या झाल्या. परक्या बाईचं बाळंतपण, तेही कोणा वाडीवरच्या, आणि तेही ब्राह्मणाच्या पडवीत! बाईंनी वाद घातला नाही. पदर खोचला आणि पडवी घासायला लागल्या. उपाशी माणसाने पानावर तुटून पडावं तशा त्या धूत होत्या. बाळंतपणाच्या आधी धुतली, नंतर धुतली, आणि जाताना ओटीही धुऊन गेल्या. सासूबाईंनी विटाळाचं बोलणं केव्हाच सोडलं होतं, चुलीवर पाण्याचं तिसरं आधण ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "बाळंतपण परवडलं बाई, हिचं धुणं नको." मुलगी झाली. आम्ही सगळ्या खूप हसलो त्या दिवशी. त्या उन्हाळ्यातलं तेवढंच हसणं मला आठवतं.

लॉरी आली. करीमभाई म्हणून महाडचे ड्रायव्हर होते, पोक्त माणूस. त्यांनी डब्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कपाट, खाट, पिंप सगळं काढून लॉरीत टाकायला लावलं. दांडीशिवाय एक जाड साखळीही बांधून घेतली. "आत कोनी बसायचं नाय. बाई, तुमी पन नाय," ते म्हणाले. मला माहेरी जायचं होतं, म्हणून मुलाला घेऊन मी पुढे त्यांच्याशेजारी बसले. आमचे हे शाळेमुळे मागे राहिले. बाई डब्यामागून चालत निघाल्या, बरोबर धोंडू आणि उटण्या घेतलेली माणसं. लॉरीने हिसका दिला, आणि इतक्या वर्षांनी डबा फणसाखालून बाहेर आला. गावातल्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. कोणीतरी चाकांवर हळदकुंकू टाकलं होतं.

करीमभाई बैलगाडीच्या चालीने लॉरी चालवत होते. मी सारखी मागे वळून बघत होते. उन्हात डबा डुलत येत होता आणि त्याच्या बाजूने बाईंचं पांढरं पातळ दिसत होतं, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मला वाटायला लागलं की पोचणार. ओढ्यावरच्या एका मोरीपुढे चढण लागली. करीमभाईंनी गिअर बदलला. लॉरी जरा जोराने पुढे गेली आणि मागून असा आवाज आला की जुनं जाड कापड टरकावं. दांडी उपसून आली होती आणि तिच्याबरोबर तुळईचं तोंडही, काळं, ओलं, भुसभुशीत. साखळीने क्षणभर धरलं, मग तीही लाकूड सोलून सुटली. डबा मागे जायला लागला. माणसांनी उटण्या टाकल्या. एक चाक उटणीवर चढलं, डबा वळला आणि रस्त्याकडेच्या दरडीला टेकून तिरका उभा राहिला. कोणाला काही झालं नाही. चाकं शाबूत होती.

करीमभाई उतरून पाहून आले. "बाई, ह्यो आता ओढायचा नाय. धरायला कायच नाय ऱ्हायलं."

बाई मोरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. धोंडूने फुटक्या तुळईतला एक तुकडा हातात घेतला आणि तो बोटांनी चुरत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी बाईंजवळ जाऊन बसले. महाड अजून काही कोसांवर होतं, पोलादपूर मागे पडलं होतं, आणि दवाखाना मधल्यामध्ये दरडीला टेकला होता. बऱ्याच वेळाने बाई उठल्या, डब्याजवळ गेल्या, दारातून आत पाहिलं आणि म्हणाल्या,

"धोंडू, आता धुतलं तर चालेल ना?"

धोंडूने लॉरीतली बादली काढली, मोरीखालच्या डबक्यातून भरली आणि आणून त्यांच्यापुढे ठेवली. मग ओशाळून म्हणाला, "उकळल्यालं नाय, बाय."

"राहू दे. आज चालेल."

त्या तिरक्या जमिनीवर गुडघे टेकून त्यांनी डबा धुतला, कोपऱ्यापासून दारापर्यंत, रोजच्यासारखा. करीमभाईंनी घाई केली नाही. उरलेलं पाणी बाईंनी सवयीने चाकांवर फेकलं. दार ओढून घेतलं, कडी लावली, पंच्याला हात पुसले आणि लॉरीत माझ्याशेजारी येऊन बसल्या. महाडपर्यंत माझा मुलगा त्यांच्या मांडीवर झोपला होता.

साहेब हळहळले, पण दवाखाना बंद झाला तो झालाच. बाई दोन दिवस माझ्या माहेरी राहिल्या. त्यांना कुठल्याशा शहरातल्या इस्पितळात लावून घेणार होते. दासगावच्या बंदरावर त्या लाँचमध्ये चढल्या तेव्हा मी रडत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, कारण सामान उचलून हात मळले होते. एवढंच म्हणाल्या, "विळी भाजीसाठी. लक्षात ठेव." त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत.

आषाढात मी पोलादपुरात परतले होते. एका सकाळी मुसळधार पावसात एक डोली डोंगरातून उतरली आणि सवयीने फणसाखाली जाऊन टेकली. डब्याची गोष्ट त्या वाडीवर पोचलीच नव्हती. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा डोलीवाले नुसते उभे होते. चार चाकांच्या चार खळग्यांत पाणी साचलं होतं आणि ते त्याकडे बघत होते. मी इरलं घेऊन धावत गेले. त्यांना पडवीत आणलं, पाणी उकळलं, कात्री उकळली, माझे हात कोपरापर्यंत घासले, गावातली सुईण आली तिलाही घासायला लावले. "आधी हात," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मूल पायाळू होतं. ते फिरवायचं कसं, धरायचं कसं, ते सुइणीला येत नव्हतं, सासूबाईंना येत नव्हतं, मला येत नव्हतं. आम्ही उकळलेल्या पाण्याभोवती बसून राहिलो. बाळंतीण वाचली. मूल गेलं.

अजूनही दारात कोणी आलं की माझ्या तोंडून 'या, बसा'च्या आधी 'हात' निघतं. सुना हसतात. हसू देत. नर्सबाईंपाशी होतं त्यातलं मला तेवढंच घेता आलं.